मेडिकलमधून चुकीचं औषध घरी येऊ नये म्हणून: ठाणे-नवी मुंबईतल्या रुग्णांचे नेहमीचे प्रश्न

चूक होते ती नेमकी कुठे?

औषध तोंडात जाईपर्यंत त्याला बरेच हात लागतात. डॉक्टर लिहितात, काउंटरवरचा माणूस वाचतो, आतला मुलगा रॅकमधून काढतो, कुणी बिल करतं आणि घरी आणखी कुणी गोळ्या डबीत भरतं. यातल्या एकाचं चुकलं आणि पुढच्यानं ते पकडलं नाही, की चूक थेट पोटात. ठाणे स्टेशनबाहेरच्या किंवा वाशीतल्या कुठल्याही चालत्या मेडिकलमध्ये संध्याकाळी सात ते नऊ उभे राहून बघा. दवाखाने भरलेले, लोकलमधून उतरलेली गर्दी, त्यात फोनवर होम डिलिव्हरीच्या ऑर्डरी. चिठ्ठी पुढे सरकवून 'जरा लवकर द्या' म्हणणारे आपणच असतो. या साखळीत शेवटचा हात रुग्णाचा किंवा घरच्यांचा असतो, आणि चूक पकडायची खरी जागा तीच. म्हणून रोजचं औषध भरायला शक्यतो दुपारी जा.

काउंटर सोडण्याआधी काय बघायचं?

चिठ्ठी, बिल आणि स्ट्रिप काउंटरवर शेजारी शेजारी ठेवा. प्रत्येक औषधाचं नाव अक्षरन् अक्षर जुळवा, शेवटची जोडअक्षरंसुद्धा. मग शक्ती, म्हणजे किती मिलिग्रॅम. मग मुदत. आणि मग एक प्रश्न विचारा: 'ही गोळी कशासाठी आहे?' माझ्या मते सगळ्यात जास्त चुका या प्रश्नानं पकडल्या जातात. तुम्हाला रक्तदाबाची गोळी लिहिली असेल आणि उत्तर 'शुगरसाठी' असं आलं, तर तिथेच थांबा. अर्थात त्यासाठी गोळी कशाची आहे हे तुम्हाला आधी माहीत हवं. ते डॉक्टरांच्या केबिनमध्येच विचारून चिठ्ठीवर मराठीत लिहून घ्या: बीपी, शुगर, थायरॉइड, ॲसिडिटी.

दर महिन्याची गोळी या वेळी वेगळ्या रंगाची किंवा आकाराची दिसली, तर 'कंपनीनं पॅकिंग बदललं असेल' असं स्वतःशीच ठरवून टाकू नका. बहुतेक वेळा ते खरं असतं, पण विचारायला काही पैसे पडत नाहीत.

नावाच्या शेवटी एच, एएम, एसआर, जीपी अशी अक्षरं असतात. त्यानं एवढा काय फरक पडतो?

खूप पडतो. आपल्याकडच्या गोंधळाचं हे एक मोठं कारण आहे. टेल्मा ४० मध्ये फक्त टेल्मिसार्टन असतं. टेल्मा एचमध्ये त्याच्या जोडीला हायड्रोक्लोरोथायझाइड येतं, म्हणजे लघवी वाढवून दाब उतरवणारं औषध. टेल्मा एएममध्ये जोडीला अम्लोडिपिन असतं. एकाऐवजी दुसरं हाती पडलं तर कुणाला चक्कर येईल, कुणाचं सोडियम घसरेल, कुणाच्या पायांवर सूज येईल. ग्लायकोमेट म्हणजे नुसतं मेटफॉर्मिन. ग्लायकोमेट जीपीमध्ये सोबत ग्लिमेपिराइड असतं, आणि ते रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली आणू शकतं. वयस्कर माणसानं ते घेतलं आणि त्या दिवशी जेवण नीट झालं नाही, तर दुपारी तो बेशुद्ध सापडू शकतो. त्यामुळे फोनवर ऑर्डर देताना 'टेल्मा पाठवा' किंवा 'शुगरची नेहमीची' असं सांगू नका.

एसआर, एक्सआर, एक्सएल, सीआर ही अक्षरं असलेल्या गोळीतून औषध हळूहळू सुटतं. अशी गोळी कुटून दिली तर दिवसभराचा डोस एकदम उतरतो. गिळायला त्रास होणाऱ्या आजींना गोळ्या खलबत्त्यात बारीक करून देण्याची पद्धत बऱ्याच घरांत आहे. ती सरसकट वापरू नका, प्रत्येक गोळीबद्दल आधी फार्मासिस्टला विचारा.

ब्रँडची नावं लक्षात राहत नाहीत. काय करू?

औषधाचं मूळ नाव, म्हणजे जेनेरिक नाव, लक्षात ठेवा. ब्रँड बदलतो, मूळ नाव बदलत नाही. ते स्ट्रिपवर छापलेलं असतंच. ते कळलं की एकच औषध दोनदा चाललंय हेही दिसायला लागतं. क्रोसिन, कॅल्पोल, डोलो या तिन्ही म्हणजे पॅरासिटामॉल. कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेनसोबत तेच असतं, आणि सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही. ताप, अंगदुखी आणि सर्दी यांवर तीन वेगळी पाकिटं उघडणारा माणूस नकळत पॅरासिटामॉलचा तिप्पट डोस घेत असतो, आणि त्याचा भार यकृतावर पडतो.

मूळ नावंही एकमेकांसारखी असतात. कार्बिमाझोल थायरॉइडसाठी असतं आणि कार्बामाझेपिन फिट्ससाठी. हायड्रॉक्सिझिन खाजेवर देतात, हायड्रॅलाझिन रक्तदाबावर. 'कशासाठी?' हा प्रश्न इथे पुन्हा कामाला येतो.

डॉक्टरांचं अक्षर दुकानदारालाच लागत नाही. मग?

मग त्यानं अंदाज करायचा नाही, डॉक्टरांना फोन करायचा. तुमच्यासमोर दोन माणसं 'हे काय लिहिलंय रे' असं एकमेकांना विचारत असतील, तर औषध न घेता परत जा, किंवा तिथूनच दवाखान्यात फोन लावा.

ब्रिटनमध्ये १९८९ सालच्या एका गाजलेल्या खटल्यात नेमकं हेच झालं होतं. डॉक्टरांनी ॲमॉक्सिल हे प्रतिजैविक लिहिलं होतं. अक्षर इतकं वाईट होतं की फार्मासिस्टनं डाओनिल वाचलं, म्हणजे मधुमेहाची गोळी. रुग्णाला मधुमेह नव्हता. साखर उतरून त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. न्यायालयानं २५ टक्के जबाबदारी डॉक्टरवर आणि ७५ टक्के फार्मासिस्टच्या बाजूवर टाकली, कारण गोळ्यांची संख्या आणि दिवसातून तीनदा घेण्याची सूचना मधुमेहाच्या त्या गोळीशी जुळतच नव्हती. वाचणाऱ्यानं थांबून विचार करायला हवा होता.

आपल्याकडे औषधाचं जेनेरिक नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावं, अशी दुरुस्ती भारतीय वैद्यक परिषदेनं २०१६ साली डॉक्टरांच्या आचारसंहितेत केली. तेव्हा 'डॉक्टर, जरा कॅपिटलमध्ये लिहाल का?' असं म्हणण्यात आगाऊपणा नाही.

चिठ्ठीवरच्या खुणांचे अर्थ काय?

ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस गरज लागली तरच. १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. काही नेत्रतज्ज्ञांच्या चिठ्ठीत ओडी म्हणजे उजवा डोळा, हे ठाऊक असू द्या. डोळ्यांच्या आणि कानाच्या थेंबांच्या बाटल्या सारख्याच दिसतात. त्या एका डब्यात ठेवू नका.

दशांश चिन्ह नीट बघा. ०.५ मधला टिंब दिसला नाही तर डोस दहापट होतो. थायरॉइडची गोळी मायक्रोग्रॅममध्ये असते: २५, ५०, ७५, १००. डॉक्टरांनी ५० ची ७५ केली आणि घरात ५० ची बाटली अर्धी उरली असेल, तर ती त्याच दिवशी बाजूला काढा. दोन्ही बाटल्या टेबलावर राहिल्या की कुणीतरी दोन्हीतून एकेक घेतंच.

दुकानदार म्हणतो, 'ती कंपनी नाहीये, ही सेम आहे.' घ्यावी का?

औषध नियमावली १९४५ च्या नियम ६५ प्रमाणे शेड्यूल एच आणि एक्समधल्या (म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या सरकारी याद्यांमधल्या) औषधांच्या चिठ्ठीवर लिहिलेल्याऐवजी दुसरं औषध देता येत नाही, अगदी घटक तोच असला तरी. रोजच्या व्यवहारात काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. जेनेरिक औषध वाईट असतं असा याचा अर्थ नाही. जनऔषधी केंद्रातून घ्यायचं असेल तर डॉक्टरांना तसं सांगून मूळ नावानं चिठ्ठी घ्या. पण काउंटरवर घाईत केलेली अदलाबदल मात्र चुकांना आमंत्रण देते. डॉक्टरांना फोन करा किंवा मेसेज टाका. फिट्स, थायरॉइड आणि रक्त पातळ करण्याच्या औषधांत तर न विचारता ब्रँड बदलूच नका.

समोरचा माणूस फार्मासिस्ट आहे की नाही, कसं कळणार?

फार्मसी कायदा १९४८ च्या कलम ४२ नुसार चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनंच द्यायचं असतं. दुकानाचा परवाना दर्शनी भागात लावलेला असावा लागतो. 'फार्मासिस्ट कोण आहेत? त्यांच्याशी बोलायचंय' असं सरळ विचारा. 'ते जेवायला गेलेत' हे उत्तर दर वेळी मिळत असेल तर मेडिकल बदला. ठाणे-नवी मुंबईत मेडिकलांचा तुटवडा नाही.

शक्य तेवढी खरेदी एकाच दुकानातून करा. त्यांच्या कॉम्प्युटरवर तुमचं जुनं बिल असतं आणि वेगळं काही निघालं की त्यांच्याही लक्षात येतं.

जुन्या चिठ्ठीवर औषध मिळतं. मग दर वेळी डॉक्टरकडे कशाला जायचं?

नियमानं, डॉक्टरांनी पुन्हा देण्याबद्दल लिहिलं नसेल तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचं असतं. मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ लागू आहे. त्यात नव्या पिढीची प्रतिजैविकं, क्षयरोगाची औषधं, अल्प्राझोलामसारख्या सवय लावणाऱ्या गोळ्या येतात. अशा औषधांसाठी दुकानदारानं डॉक्टर, रुग्ण आणि संख्या यांची वेगळी नोंद ठेवून ती ३ वर्षं जपायची असते. अडवणूक म्हणून याकडे बघू नका. सहा महिन्यांपूर्वीची क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तातली पातळी, आणि आजची वेगळी असू शकते, आणि तोच डोस आज जास्त ठरू शकतो.

लहान मुलांच्या औषधात कुठे फसायला होतं?

ड्रॉप्स आणि सिरप यांच्या गोंधळात. पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्समध्ये साधारणपणे १ मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असतं. साध्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२० किंवा १२५, आणि 'डीएस' किंवा २५० लिहिलेल्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरला २५०. आता दहा किलोच्या बाळाला एका वेळी साधारण १०० ते १५० मिलिग्रॅम लागतं. ते साध्या सिरपनं ५ मिलिलिटरमध्ये होतं. आजीनं सवयीनं तेवढंच ड्रॉप्सच्या बाटलीतून दिलं तर ५०० मिलिग्रॅम जाईल. म्हणून डोस 'एक चमचा' असा विचारू नका. किती मिलिलिटर आणि कोणत्या शक्तीचं, असं विचारा, आणि बाटलीसोबतचा ड्रॉपर किंवा टोपणच वापरा. घरचा चमचा वापरू नका.

बाळाचं ताजं वजन डॉक्टरांना सांगा. कोरड्या पावडरची प्रतिजैविकाची बाटली असेल, तर खुणेपर्यंतच उकळून गार केलेलं पाणी घाला आणि पाणी घातल्याची तारीख बाटलीवर लिहा. बहुतेक अशी औषधं आठवडाभरातच संपवायची असतात आणि बरीचशी फ्रिजमध्ये ठेवायची असतात. मे महिन्यात घोडबंदर रोडच्या जाममध्ये तासभर कारच्या डॅशबोर्डवर राहिलेली बाटली मी तरी वापरणार नाही.

खोकल्याची औषधं मनानं आणू नका. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध ४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना छापायला केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे मुलांचे जीव घेणाऱ्या कोल्ड्रिफ सिरपच्या एसआर-१३ या बॅचमध्ये डायइथिलिन ग्लायकॉल हे विष सापडलं. तो दोष कारखान्यातला होता, काउंटरवरचा नव्हता. पण अशा वेळी घरातली बाटली त्याच बॅचची आहे का, हे बाटलीवरच्या किंवा बिलावरच्या बॅच नंबरवरूनच कळतं.

इन्सुलिन घेताना काय जपायचं?

आपल्याकडे कुपीत मिळणारं इन्सुलिन बहुधा १ मिलिलिटरला ४० युनिट असतं, पेनच्या काडतुसात १०० युनिट. ४० साठीच्या सिरिंजला लाल टोपण असतं, १०० साठीच्या सिरिंजला नारिंगी. पेनचं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजनं ओढलं तर अडीचपट डोस जातो. कुपीतलं नारिंगी टोपणाच्या सिरिंजनं घेतलं तर निम्म्याहून कमी जातो, आणि 'शुगर का वाढतेय' म्हणून डॉक्टर डोस वाढवत बसतात. सिरिंज विकत घेताना कुपी सोबत न्या. चिठ्ठीवर '१० यू' लिहिलं असेल तर इंग्रजी यू (U) हे अक्षर शून्यासारखं दिसून १०० वाचलं जाऊ शकतं. 'युनिट' असं पूर्ण लिहून घ्या.

आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी कुठली? ती इतकी धोक्याची का मानतात?

संधिवात आणि सोरायसिससाठी दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकाच दिवशी घ्यायचं असतं. रोज घेतलं तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात, जंतुसंसर्ग होतो आणि जीवावर बेतू शकतं. भर म्हणजे त्याचा एक ब्रँड फोलिट्रॅक्स आणि सोबत दिल्या जाणाऱ्या फॉलिक ॲसिडचा एक ब्रँड फोलव्हाइट. नावं जवळची आणि गोळ्या दोन्ही पिवळसर. घरात कुणाला हे औषध चालू असेल तर चिठ्ठीवर, पाकिटावर आणि कॅलेंडरवर वाराचं नाव लिहा, 'दर सोमवारी' असं, आणि ही गोळी रोजच्या डबीत कधीच टाकू नका. या एका औषधासाठी मी कुणालाही जास्तीची कटकट करायला सांगेन.

डिस्चार्जनंतर गोळ्या दुप्पट झाल्यासारख्या वाटतात. कसं तपासायचं?

तुमची शंका रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ साली औषधांमुळे होणारी इजा टाळण्याची मोहीम सुरू केली, तेव्हा ज्या तीन ठिकाणी लक्ष द्यायला सांगितलं त्यांत एक होतं रुग्णाचं एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणं. उरलेली दोन म्हणजे जास्त जोखमीची परिस्थिती आणि एकाच वेळी चाललेली बरीच औषधं. हॉस्पिटलमध्ये त्यांच्याकडचा ब्रँड सुरू होतो, घरी जुना ब्रँड वाट बघत असतो, आणि रुग्ण दोन्ही घेतो. डिस्चार्जच्या दिवशी घरच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून घेऊन जा आणि डॉक्टरांना तीन भाग करायला सांगा: चालू, बंद, बदललेल्या. 'बंद' हा भाग कागदावर लिहून घेतल्याशिवाय निघू नका. आयुर्वेदिक, होमिओपॅथिक, डोळ्यांचे थेंब, कॅल्शियम यांचाही उल्लेख करा. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवायच्या असतात, हे बऱ्याच जणांना कुणी सांगितलेलंच नसतं.

आई-बाबा ठाण्यात एकटे असतात, औषधं मी पुण्याहून ॲपवर मागवते. हे सुरक्षित आहे का?

चालेल, पण पाकीट उघडताना कुणीतरी सोबत हवं. औषध घरी आलं की काउंटरवरची तपासणी तुमच्याकडे येते. व्हिडिओ कॉलवर आईंना एकेक स्ट्रिप कॅमेऱ्यासमोर धरायला सांगा आणि चिठ्ठीच्या फोटोशी जुळवा. जुळलं नाही तर स्ट्रिप फोडू नका, परत पाठवा. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० मोठ्या ब्रँडच्या पॅकिंगवर क्यूआर कोड बंधनकारक आहे. तो स्कॅन केला की मूळ नाव, कंपनी, बॅच आणि मुदत दिसते.

सोसायटीच्या वॉचमनला किंवा कामाच्या मावशींना औषध आणायला पाठवणार असाल तर तोंडी नाव सांगू नका, रिकामी स्ट्रिप आणि चिठ्ठी द्या.

चारच गोळ्या हव्यात. स्ट्रिप कापून घेतली तर?

घ्या, पण मुदत आणि बॅच छापलेला तुकडा मागा. तो शिल्लक नसेल तर बिलावर दोन्ही आहेत का बघा. पक्क्या बिलाशिवाय औषध घेऊ नका.

चुकीची गोळी घेतली गेली. आता?

उलटी करवू नका. स्ट्रिप, बिल आणि चिठ्ठी हातात ठेवा, किती आणि केव्हा घेतली ते लिहा आणि डॉक्टरांना फोन करा. श्वास लागणं, शुद्ध हरपणं, झटके, चेहऱ्यावर सूज यातलं काही दिसलं तर १०८ ला फोन करा किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा वाशीचं महापालिका रुग्णालय, जे जवळ असेल ते. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र १८००-११६-११७ वर सल्ला देतं.

मधुमेहाची गोळी चुकून गेली असेल तर घाम, थरथर, भूक, बडबड ही लक्षणं बघा. माणूस शुद्धीत असेल तर लगेच साखरेचं पाणी द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. आणि बरं वाटलं म्हणून घरी थांबू नका: ग्लिमेपिराइडचा परिणाम तासन्‌तास राहतो, साखर पुन्हा उतरते.

तक्रार कुठे करायची?

आधी दुकानात जा, फार्मासिस्टला दाखवा. चांगलं दुकान ऐकून घेतं. चुकीची स्ट्रिप मात्र परत देऊन टाकू नका, निदान फोटो काढल्याशिवाय नाही. तोच पुरावा असतो.

परवाना आणि दुकानातल्या गैरप्रकारांसाठी राज्याचं अन्न व औषध प्रशासन आहे, टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतची नवी मुंबई ठाणे जिल्ह्यात येते, पण खारघर, कामोठे, पनवेल रायगड जिल्ह्यात. लेखी तक्रार त्या त्या जिल्ह्याच्या कार्यालयात द्या, नाहीतर कागद इकडून तिकडे फिरत राहतो. फार्मासिस्टच्या वागणुकीबद्दल महाराष्ट्र राज्य फार्मसी परिषदेकडे लिहिता येतं. अन्न व औषध प्रशासन भरपाई मिळवून देत नाही. ती हवी असेल तर ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं. सुरुवात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ पासून करा. औषध बरोबर होतं, पण त्रास झाला, तर तो दुष्परिणाम म्हणून १८००-१८०-३०२४ वर कळवा.

उरलेल्या गोळ्यांचं काय करायचं?

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'कुणाकडे अमुक गोळी आहे का' असा मेसेज आठवड्याआड येतो आणि पाच मिनिटांत तीन हात वर होतात. शेजारधर्म म्हणून छान, पण चिठ्ठीची गोळी अशी देऊ नका. मुदत संपलेल्या गोळ्या आणि वापरलेल्या सुया घनकचऱ्याच्या नियमांनुसार वेगळ्या द्यायच्या कचऱ्यात येतात. सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत घालून टोपण घट्ट लावा, बाटलीवर 'सुया' असं मोठ्या अक्षरांत लिहा आणि कचरा नेणाऱ्या कामगाराच्या हातात सांगून द्या.